खरकट्याची बादली आधी पाहा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या शाळेत गेल्या वर्षापासून सर्व विद्यार्थ्यांना दुपारचे जेवण मोफत दिले जाते. आहारतज्ज्ञांकडून आठवड्याचा तक्ता करून घेतलेला आहे आणि त्यात धान्य, डाळी, पालेभाज्या, फळे सारे काही आहे. तरीही मुले भाजी टाकून देतात, फाटकाबाहेर मिळणारे तळलेले आणि गोड पदार्थ घेऊन खातात. काही पालकांचे म्हणणे असे की, ज्यांना परवडते त्यांच्याकडून पैसे घ्यावेत आणि त्या पैशांतून गरजू मुलांना अधिक चांगले जेवण द्यावे. तक्ता बदलावा की पैसे घ्यावेत, असे आपण विचारले आहे.

शालेय स्वयंपाकघरांचे नियोजन आणि देखरेख करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून माझे पहिले सांगणे असे की, निदान दोन आठवडे तक्त्याला हात लावू नका. तक्त्यावरून काय शिजले ते कळते. मूल काय जेवले हे खरकट्याच्या बादलीवरून कळते, आणि या दोहोंतील अंतर किती आहे हे मोजल्याशिवाय केलेला कोणताही बदल हा अंधारात मारलेला दगड ठरतो. शाळेचे सलग दहा दिवस घ्या. धान्याचा पदार्थ, डाळ, भाजी आणि फळ यांसाठी वेगवेगळ्या बादल्या ठेवा, इयत्तेनुसार त्यांचे वजन करा आणि त्याच इयत्तेला वाढलेल्या अन्नाच्या वजनाशी त्याची तुलना करा. पातेले रिकामे झाले म्हणजे जेवण झाले, असे समजण्याची चूक फार सहज होते, कारण पातेले रिकामे करणारा हात वाढप्याचा असतो, मुलाचा नव्हे.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. कामाच्या सुरुवातीच्या काळात मी एका शाळेसाठी आठवड्यातून तीन दिवस पालेभाजी असलेला तक्ता तयार केला होता. कागदावर लोह आणि अ जीवनसत्त्व यांचा हिशेब अगदी चोख बसत होता, भाजीचे पातेले रोज रिकामे परत येत होते, आणि मी समाधानी होतो. एके दिवशी स्वयंपाकघरातील मदतनीस बाईंनी मला हात धरून मागच्या दाराशी ठेवलेल्या बादलीपाशी नेले. तीत जवळजवळ सगळी भाजी होती. त्यांनी कारणही सांगितले: भाजी देठांसकट लांब चिरली जात होती, तिचे धागे लहान मुलांच्या घशात अडकत होते, आणि एकदा ठसका लागलेले मूल पुन्हा त्या भाजीला हात लावत नव्हते. त्यांच्याच सूचनेवरून पाने बारीक चिरून डाळीत शिजवायला सुरुवात केली आणि काही दिवसांत बादली हलकी झाली. तक्त्यातील एक अक्षरही बदलावे लागले नाही. त्यानंतर स्वयंपाक करणाऱ्या माणसांना विचारल्याशिवाय मी एकही तक्ता केलेला नाही, आणि जिथे तो तसा केलेला दिसतो तिथे काय घडत असेल याचा अंदाज मला पाहण्याआधीच येतो.

बादलीचे आकडे वाचताना त्यांचा आकृतिबंध पाहावा. एकाच दिवशी सर्व इयत्तांतून एकच पदार्थ परत येत असेल, तर दोष बहुधा त्या पदार्थाच्या चवीत किंवा शिजवण्यात असतो. रोज एकाच इयत्तेकडून सगळेच परत येत असेल, तर त्या इयत्तेला जेवायला वेळ पुरत नसतो. लहान मुलांकडून सर्व पदार्थ थोडे थोडे उरत असतील, तर त्यांना मोठ्यांच्या डावाने वाढले जात असते. आणि वरच्या इयत्तांतील मुली जर फारसे टाकत नसतील पण मुळातच कमी वाढून घेत असतील, तर ते बादलीत दिसत नाही. त्यासाठी रांगेत उभे राहून पाहावे लागते. पाळी सुरू झालेल्या मुलींची लोहाची गरज वाढलेली असते आणि नेमक्या त्याच वयात चारचौघांत पोटभर जेवण्याचा संकोच सुरू होतो, त्यामुळे हा गट माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्षित आहे.

वेळेच्या मुद्द्यावर मी थोडा अधिक रेंगाळतो, कारण तो फुकट सुटणारा आणि तरीही क्वचितच सोडवला जाणारा प्रश्न आहे. मधली सुट्टी अर्ध्या तासाची असते असे शाळा सांगते. त्यातून वर्गातून बाहेर येणे, हात धुण्याची रांग, वाढून घेण्याची रांग आणि शेवटी ताट धुणे एवढे वजा केले, तर रांगेच्या टोकाशी असलेल्या मुलाच्या हाती आठ-दहा मिनिटेच उरतात. अमेरिकेतील सार्वजनिक आरोग्य यंत्रणेची शिफारस अशी आहे की, मूल ताट घेऊन बसल्यानंतर त्याला किमान 20 मिनिटे मिळावीत. वेळ कमी पडला की मुले आवडीचा आणि पटकन गिळता येणारा पदार्थ आधी संपवतात; चावून खावी लागणारी भाजी आणि फळ मागे राहते. त्यातच जेवणानंतर खेळायला सोडण्याची पद्धत असेल, तर मुलांचे अर्धे लक्ष मैदानाकडे असते. अमेरिकेच्या यूटा राज्यातील शाळांत खेळण्याची सुट्टी जेवणाच्या आधी घेऊन पाहिली गेली, तेव्हा 2015 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात फळे आणि भाज्या खाण्याचे प्रमाण 54 टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. घंटा उलटसुलट करण्यास पैसे लागत नाहीत. तरीही वेळापत्रक बदलण्यापेक्षा नवा पदार्थ आणणे शाळांना सोपे वाटते, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते.

आता चवीविषयी. नवी भाजी मुलाने पहिल्या वेळी नाकारणे हे स्वाभाविक आहे. ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही, थोडी थोडी समोर आल्यावर ओळखीची होते आणि मग खाल्ली जाते. म्हणून नवा पदार्थ एक चमचाच वाढावा, तो ओळखीच्या पदार्थाबरोबर द्यावा, आणि दोनदा परत आला म्हणून तक्त्यातून काढू नये. ‘भाजी संपवलीस तर गोड मिळेल’ असे सांगणे तर कटाक्षाने टाळावे, कारण त्यातून मूल एवढेच शिकते की भाजी ही शिक्षा आहे आणि गोड हे तिचे बक्षीस. जबरदस्तीने खाऊ घालणाऱ्या शिक्षकांचा हेतू चांगला असतो, परंतु त्या वर्गाच्या बादलीत नंतर काय येते ते मी पुष्कळदा पाहिले आहे. याउलट शिक्षक स्वतः तेच अन्न मुलांबरोबर बसून खात असतील, तर काही न बोलताही फरक पडतो. जपानमध्ये अनेक शाळांत जेवण वर्गातच होते, मुले पाळीपाळीने एकमेकांना वाढतात आणि वर्गशिक्षक त्यांच्यासोबत जेवतात. 2005 साली तेथे आहारशिक्षणासाठी स्वतंत्र कायदाही झाला. त्यांची सगळी व्यवस्था कोणालाही उचलून आणता येणार नाही, पण शिक्षकाने सोबत जेवावे एवढी गोष्ट कोणत्याही शाळेला उद्यापासून करता येईल.

ताटात काय असावे, यावर आपल्याकडे तज्ज्ञांचा तक्ता असल्यामुळे मी थोडक्यातच लिहितो. दुपारच्या जेवणातून दिवसाच्या गरजेचा साधारण एक तृतीयांश भाग मिळावा, हा सर्वसाधारण अंदाज आहे. भारतातील शालेय पोषण योजनेचे निकष उदाहरणादाखल घेतले, तर प्राथमिक इयत्तांसाठी प्रत्येक मुलामागे 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल धरलेले आहे, आणि त्यातून 450 कॅलरी ऊर्जा व 12 ग्रॅम प्रथिने मिळणे अपेक्षित आहे. यातील एक बारकावा फार महत्त्वाचा आहे: ही सगळी वजने कच्च्या मालाची आहेत. जेवणाऱ्यांची संख्या वाढली की डाळ वाढत नाही, डाळीतले पाणी वाढते. प्रत्येक ताटात डावभर डाळ पडते आणि पाहणाऱ्याला सर्व काही नियमाप्रमाणे दिसते. म्हणून सकाळी हजेरी झाल्यावर, कोठीतून डाळ बाहेर निघताना तिचे वजन तपासावे. वाढताना तपासून काहीच कळत नाही. धान्याबरोबर डाळ किंवा कडधान्य असल्यास एकाच्या प्रथिनांतील उणीव दुसऱ्याने भरून निघते, त्यामुळे डाळ पातळ झाली की नुकसान दिसते त्याहून मोठे होते.

लोहाबाबतही कागद आणि पोट यांत असेच अंतर पडते. वनस्पतिजन्य अन्नातील लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असलेले एखादे फळ किंवा लिंबाचा रस असेल तर ते प्रमाण वाढते आणि जेवणासोबत किंवा लगेच नंतर चहा घेतला तर घटते. कडधान्ये भिजवून मोड आणल्यानेही उपयोग होतो. पिवळ्या-केशरी आणि गडद हिरव्या भाज्यांतील अ जीवनसत्त्वाचे पूर्वघटक, म्हणजे ज्यांपासून शरीर ते जीवनसत्त्व तयार करते ते घटक, शोषले जाण्यासाठी थोडे तरी तेल लागते, त्यामुळे ‘आरोग्यासाठी’ म्हणून तेल पूर्ण बंद करणारी स्वयंपाकघरे मुलांचे हित करत नाहीत. भाजी आधी धुवावी आणि मग चिरावी. चिरून धुतल्यास पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे मोरीत जातात.

फाटकाबाहेरच्या खाण्याकडे वळू. त्यावर बंदी घाला, अशी मागणी नेहमी होते, आणि शाळेच्या आवारात गोड पेये व तळलेल्या पदार्थांची विक्री होऊ नये हे मलाही मान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार अन्नात वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी असावी. दिवसाला 1600 कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी ही मर्यादा 40 ग्रॅम येते, आणि 330 मिलिलिटरच्या एका गोड शीतपेयाच्या डब्यातच सुमारे 35 ग्रॅम साखर असते. मात्र बंदीने खाणे फक्त भिंतीपलीकडे सरकते. मूल तिथे का जाते, हे पाहिले पाहिजे. पुष्कळ मुले सकाळी काही न खाता शाळेत येतात, त्यांची पहिली भूक जेवणाच्या घंटेच्या बऱ्याच आधी लागते आणि जे हाताशी असेल त्यावर ती भागवली जाते. मग जेवणाच्या वेळी भूक मेलेली असते आणि भाजी बादलीत जाते. जेवणाची वेळ तासभर अलीकडे आणणे, किंवा शक्य असल्यास सकाळी एखादे फळ वा मूठभर भिजवलेले कडधान्य देणे, याचा परिणाम बंदीहून अधिक टिकतो. आणि पिण्याचे स्वच्छ पाणी जेवणाच्या जागीच असावे. ज्या शाळेत पाण्यासाठी दोन जिने उतरावे लागतात, तिथे मुले गोड पेये पितात म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही.

पैसे घेण्याच्या सूचनेबाबत माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे. आपल्या भाषेत पंक्तिप्रपंच असा एक नेमका शब्द आहे. एकाच पंगतीत बसलेल्यांना वेगवेगळे वाढण्याचा दोष त्यातून सांगितला जातो. ज्यांनी पैसे भरले आणि ज्यांनी भरले नाहीत अशी यादी तयार झाली, की ती कितीही गुप्त ठेवली तरी मुलांना आठवड्याभरात कळते, आणि मग जेवणाची सर्वांत जास्त गरज असलेले मूलच ‘मला भूक नाही’ असे सांगून रांगेतून बाजूला होते. हा केवळ माझा समज नाही. ब्रिटनमध्ये 1906 साली शालेय जेवणाचा कायदा झाला. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीस आलेले कितीतरी तरुण शरीराने दुर्बल निघाले, हे त्यामागचे एक कारण होते. ती व्यवस्था गरजू मुलांपुरती होती, आणि गरजू म्हणून ओळखले जाण्याची लाज तिला पुढे दीर्घकाळ चिकटून राहिली. इंग्लंडमध्ये 2014 पासून सर्वांत लहान तीन इयत्तांतील सर्व मुलांना उत्पन्न न विचारता जेवण मिळू लागले. फिनलंडने हा निर्णय फार आधी घेतला होता: 1943 साली कायदा केला, 1948 पर्यंत तो पूर्णपणे अमलात आणला आणि शाळेतील प्रत्येक मुलाला मोफत जेवण देणारा तो पहिला देश ठरला. युद्धाने पोळलेल्या, श्रीमंत नसलेल्या देशाने हे केले, ही बाब पालकसभेत आवर्जून सांगण्यासारखी आहे.

सर्वांना जेवण देण्यामागे लाज टाळण्याखेरीज आणखी एक कारण आहे आणि ते व्यवहाराचे आहे. ज्या स्वयंपाकघरात केवळ गरीब मुले जेवतात, त्याच्याविषयी तक्रार करणारा आवाज नसतो. वजनदार पालकांची मुले त्याच पंगतीत बसली की डाळ घट्ट होते, तांदूळ नीट निवडला जातो आणि तेलाचा डबा वेळेवर बदलतो. हे बोलून दाखवणे थोडे कटू आहे, परंतु मी ते पाहिलेले आहे. शिवाय लाभ फक्त गरिबांनाच होतो असेही नाही. स्वीडनमध्ये 1959 ते 1969 या काळात पौष्टिक मोफत जेवण टप्प्याटप्प्याने सुरू झाले. शाळेची संपूर्ण नऊ वर्षे ते जेवण मिळालेल्या मुलांचे आयुष्यभराचे उत्पन्न सुमारे 3 टक्क्यांनी अधिक राहिल्याचे नंतरच्या संशोधनात दिसले. गरीब घरांतील मुलांना सर्वाधिक फायदा झाला, पण सर्वांत श्रीमंत कुटुंबे सोडता इतर मुलांनाही तो झाला. ज्या पालकांना खरोखर हातभार लावायचा आहे, त्यांच्याकडून देणगी जरूर घ्यावी, मात्र ती भांडी, वजनकाटा, हात धुण्याचे नळ यांसाठी घ्यावी. कोणी किती दिले याचा संबंध कोणत्याही मुलाच्या ताटाशी येता कामा नये.

जेवणाऐवजी कोरडा शिधा घरी द्यावा, असेही कोणी सुचवील. भारतात 1995 साली शालेय पोषण योजना सुरू झाली तेव्हा बहुतेक ठिकाणी धान्यच वाटले जात होते, आणि साहजिकच ते संपूर्ण कुटुंबाच्या पातेल्यात जात होते. सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 च्या आदेशाने शिजवलेले अन्न देणे बंधनकारक केले, तेव्हापासून तो घास त्या मुलाच्या तोंडी जाण्याची शक्यता वाढली. शिधा संकटकाळी द्यावा, एरवी नाही.

सुरक्षिततेबाबत मात्र कोणतीही सवलत नाही. 2013 च्या जुलै महिन्यात बिहारमधील सारण जिल्ह्यातील एका शाळेत दुपारच्या जेवणातून विषबाधा होऊन 23 मुले मृत्युमुखी पडली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले आणि ते तेलातून आले होते. कोठीत अन्नाखेरीज दुसरी कोणतीही वस्तू, अगदी साफसफाईचे द्रावणही, नसावे आणि रिकामा झालेला कोणताही डबा तेलासाठी पुन्हा वापरू नये. वाढण्यापूर्वी सुमारे अर्धा तास आधी एका शिक्षकासह दोन-तीन प्रौढांनी अन्न चाखून नोंदवहीत सही करावी. ही सही चाखल्यानंतर करायची असते. महिन्याच्या अखेरीस एकाच पेनाने केलेल्या तीस सह्या मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिल्या आहेत. गरम अन्न वाढेपर्यंत 60 अंश सेल्सिअसच्या वर राहिले पाहिजे, आणि उरलेले अन्न दुसऱ्या दिवशी वापरू नये. विशेषतः शिजलेला भात तासन्‌तास कोमट राहिला तर त्यात वाढणाऱ्या जिवाणूंचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. शेंगदाणे, दूध, अंडी यांसारख्या पदार्थांची ज्यांना ॲलर्जी आहे अशा मुलांची यादी स्वयंपाकघरात, वाढप्यांच्या नजरेसमोर असावी. कार्यालयाच्या कपाटातील यादी ऐन वेळी कामाला येत नाही.

वजन जास्त असलेल्या मुलांसाठी वेगळे ताट सुरू करण्याचा विचार काही शाळा करतात. तसे करू नये. त्यांनाही तेच जेवण द्यावे, हवी असल्यास भाजी दुसऱ्यांदा वाढावी आणि उंची-वजनाची नोंद एकेका मुलाला स्वतंत्र बोलावून करावी. वर्गासमोर वजनाचा आकडा मोठ्याने वाचला गेल्यावर जेवणे सोडलेली मुले मला माहीत आहेत.

आपण सुरुवात अशी करावी. पहिले दहा दिवस फक्त बादल्यांचे वजन करावे आणि मुलांना त्याचे कारण सांगू नये, नाहीतर ती बक्षिसासाठी ताट पुसून दाखवतील. त्याच काळात रांगेतील शेवटच्या मुलाला बसल्यापासून घंटा होईपर्यंत किती मिनिटे मिळतात, हे घड्याळ लावून तीन वेगवेगळ्या दिवशी पाहावे. अकराव्या दिवशी स्वयंपाक करणाऱ्यांना आणि वाढणाऱ्यांना आकडे दाखवून त्यांचे म्हणणे आधी ऐकावे, मग तज्ज्ञांना बोलवावे. हे आकडे इयत्तेनुसार आणि पदार्थानुसार मांडून मला पाठवल्यास, तक्त्यातील कोणता दिवस बदलायचा आणि कोणत्या दिवशी फक्त सुरीची धार किंवा घंटेची वेळ बदलून भागेल, हे मी नेमकेपणाने सांगू शकेन.